सुरगाठ आणि निरगाठ



चातुर्मास लागला म्हणजे गावोगाव पुराण बसते, आणि पुराणात केव्हा ना केव्हा जडभरताचे आख्यान येतेच. राजा भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करीत बसला. तेथे एका हरिणीचे पाडस त्याच्या पदरात पडले. त्या पाडसाच्या लळ्यात त्याचे जपतप सुटले. अंतकाळी डोळ्यांपुढे पाडस उभे राहिले आणि एवढा मोठा राजर्षी हरिणाच्या जन्मास गेला. ही कथा ऐकून श्रोते उठतात, ओटीवर चपला शोधतात, आणि त्यांतला एखादा म्हातारा बुवांना हळूच विचारतो, "बुवा, आता गोठ्यातल्या गायीचं काय करू? आणि आमचा कुत्रा रात्री माझ्या पायाशीच निजतो हो!"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विशेषतः आपल्या कोकणपट्टीत तर नाहीच. येथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत माणूस आणि जनावर एकाच छपराखाली, एकाच धुरात, एकाच ओलीत दिवस काढतात. हिवाळ्यात तरी सुटका आहे म्हणावे, तर तेही नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ किनाऱ्यावर आले ते कार्तिक वद्य पक्षात, आळंदीची वारी तोंडावर आलेली असताना. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आदळले आणि रायगडापासून दापोली-मंडणगडापर्यंत घरांची व गोठ्यांची छपरे उडाली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. अशा रात्री दावणीची गाय हंबरते, कुत्रे खाटेखाली शिरून थरथरते, मांजर पोतडीत दडून बसते. तेव्हा माळकरी माणसाने काय समजावे? उठून त्यांच्याकडे जाणे ही भूतदया, की भरताला नडला तोच हा मोह?

आधी कथाच नीट पाहू. कथेतले पाडस भरताने कुठून हौसेने आणलेले नव्हते. गाभण हरिणी पाणी पीत होती, सिंहाची डरकाळी ऐकून तिने भयाने नदीपार उडी घेतली, त्या धसक्याने पाडस प्रवाहात पडले आणि ती बिचारी पलीकडे जाऊन मेली. पाडस वाहून चालले होते. भरताने ते उचलले. सांगा, यात त्याचे काय चुकले? वाहते पोर डोळ्यांसमोर बुडू देऊन जप करीत बसला असता तर भागवतकारांनी त्याचे आख्यान कशासाठी लिहिले असते? दोष उचलण्यात नाही. दोष पुढे आहे. स्नान गेले, संध्या गेली, एकेक नेम गळत गेला. पाडस क्षणभर दिसेनासे झाले की राजाचा जीव कासावीस होऊ लागला. आता काळजी पाडसाची नव्हती, ती स्वतःचीच होती. आपल्याला करमेनासे झाले म्हणून पाडस हवे होते.

आणि आमचे पुष्कळ कथेकरी हरिणाच्या जन्मापाशी आटोपते घेतात, तिथे थोडी गडबड होते. भरताला तिसरा जन्म आहे. त्या जन्मी तो ब्राह्मणाच्या पोटी आला, कोठे गुंतायचे नाही म्हणून वेड्यासारखा, जडासारखा राहू लागला. एकदा रहूगण राजाच्या पालखीला भोई कमी पडला म्हणून याला धरून जुंपले. पालखी हिंदकळू लागली, राजा रागावला. हिंदकळत का होती? तर हा भोई पुढची वाट पाहून, पायाखाली जीव सापडू नये अशा बेताने पाऊल टाकीत होता. दोन जन्मांची शिक्षा भोगून भरत जे शिकला ते हे! पाडसाच्या मोहात पडल्याबद्दल त्याने दया टाकून दिली नाही, उलट ती मुंगीपर्यंत नेली. सुटली ती फक्त 'माझे' म्हणण्याची गाठ. पालखीबरोबर चालणाऱ्या आपणा लोकांना हा पालखीचा प्रसंग तरी विसरता कामा नये.

गाठ म्हटली म्हणजे आमच्या गोठ्यातले दोन शब्द आठवतात, सुरगाठ आणि निरगाठ. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ. निरगाठ ओढावी तितकी आवळते, आणि दावे भिजून फुगले म्हणजे तर दातांनीही सुटत नाही. भरताने निरगाठ मारली होती. सुरगाठ मारून जनावर सांभाळता येते की नाही, एवढाच आपला प्रश्न आहे.

आपल्या भाषेने याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. आपण एकादशी पाळतो, व्रत पाळतो, दिलेला शब्द पाळतो, आणि कुत्रे-मांजरही पाळतो. क्रियापद एकच. एकादशी भर लावणीत आली म्हणून कोणी पुढल्या आठवड्यावर ढकलीत नाही. पाळणे म्हणजे सोय असो नसो, करणे. लळा निराळा. लळा आपल्याला सुख देतो तोवर असतो. आता मे महिन्यात गावोगाव काय होते ते पाहा. मुंबईची नातवंडे सुट्टीला येतात, कुठूनसे पिल्लू आणतात, त्याचे नाव ठेवतात, त्याला दूध पाजतात, मांडीवर घेऊन फोटो काढतात. जूनमध्ये शाळा उघडतात, मंडळी गाडीत बसतात, पिल्लू फाटकापर्यंत धावत येते. आठ दिवसांनी मृग कोसळतो. घरी म्हातारा-म्हातारी दोघेच; त्यांना स्वतःची कंबर उचलत नाही. ते पिल्लू मग वळचणीला पागोळ्यांखाली भिजत बसते आणि एक दिवस दिसेनासे होते. घरात कोणी दुष्ट नव्हते, बरे का! सर्वांनी त्याच्यावर प्रेमच केले होते. पाळले मात्र कोणीच नाही. ज्यांना भरताच्या मोहाची भीती वाटते त्यांनी हा मे महिन्यातला मोह आधी पाहावा. तो राजाच्या मोहापेक्षा हलका आहे, कारण राजाने निदान शेवटपर्यंत पाडसाला टाकले नव्हते.

पाऊस ही या बाबतीत मोठी परीक्षा आहे. उन्हाळ्यात कुत्रे अंगणात लोळते, मांजर आपली शिकार आपण करते, गाय रानात चरून येते; सांभाळण्याचे पुण्य फुकटात पदरी पडते. झड लागली की हिशेब सुरू होतो. गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला झाप बांधावे लागतात. खालची जमीन ओली राहिली तर गुरांच्या खुरांत चिखल्या होतात, म्हणून शेण-मूत दिवसातून दोनदा ओढायचे आणि कोरडा पाला किंवा पेंढ्याचा चुरा पसरायचा. डासांना धुरी द्यायची, पण गोठा कोंडून नव्हे. कोंडलेल्या धुराने गुरे खोकतात. पेंढा भिजून बुरसला असेल तर तो गव्हाणीत घालायचा नाही, मग उडवी कितीही मोठी असो. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशी पावसाआधीच टोचून घ्यायच्या. पाऊस उतरल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही. कुत्र्याला ओल्यात लेप्टोचा ताप होतो आणि त्याच्या मुतातून तो माणसालाही होतो. म्हणून त्यालाही दरसाल लस, आणि पिसाळीची लस तर चुकवूच नये. भिजून आले की जुन्या पंच्याने पुसावे, कानांत पाणी राहू देऊ नये, निजायला जमिनीवर नको, फळीवर गोणपाट टाकून द्यावे. मेघगर्जनेला कुत्रे घाबरते त्याला आपण भित्रे म्हणून हसतो. पण त्याचे कान आपल्याहून फार तिखट असतात. त्या वेळी त्याला दाराशी साखळीने अडकवून ठेवणे म्हणजे भीतीत भर घालणे होय. घरात घ्यावे. सोवळ्याचा प्रश्न येत असेल तर पडवीच्या कोपऱ्यात घ्यावे, पण आत घ्यावे.

जाता जाता एक गंमत. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी जी आपली घरे आहेत, तिथली उरलेली भाजी-आमटी कुत्र्याला आपोआप पथ्याची होते. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांचे रक्त बिघडते असे पशुवैद्य सांगतात. एकादशीला कुत्र्यालाही भगरच घालणारी घरे आहेत. घालोत बापडी, पोट भरले म्हणजे झाले. त्याला उपास मात्र घडवू नये. संकल्प त्याने सोडलेला नाही.

यावरून एका अवघड गोष्टीकडे यावे लागते. तिच्याविषयी आपल्यांत उघड कोणी बोलत नाही. माळकऱ्याने मांजर पाळावे काय, आणि पाळले तर त्याला मासळी घालावी काय? किनाऱ्यावर हा प्रश्न घरोघर आहे. पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते, 'आमचं मांजर दूधभातावर राहतं.' ते दूधभातावर राहत नसते. ते उंदीर, पाली, टोळ यांवर राहते आणि दूधभात वर चाटते. पावसाळ्यात दारे बंद होतात, शिकार थांबते, आणि मग त्याची हाडे वर येऊ लागतात. कुत्रे भाकरी, डाळभात, दूध यांवर बऱ्यापैकी निभावते. मांजराची घडणच निराळी आहे. मांसात असणारे टॉरीन नावाचे द्रव्य त्याला बाहेरून मिळावेच लागते. ते न मिळाल्यास त्याचे डोळे जातात, काळीज दुबळे होते. त्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे ताज्या मासळीची डोकी-शेपट्या शेजारच्या घरून मिळायच्या त्याही मिळत नाहीत. उरते ती सुकट, आणि चढणीचे मासे.

माझे मत असे आहे. माळ मी घातली आहे, मांजराने नाही. माझे व्रत मी माझ्या जिभेवर चालवावे. दुसऱ्या जिवाच्या पोटावर नव्हे. दार लावून घेऊन त्याची शिकार मी बंद केली, तर त्याच्या पोटाचा भार मजवर आला. तेव्हा शेजारच्या मासे खाणाऱ्या घरातून उरलेसुरले मागून आणावे, सुकट असेल तर खारटपणा जाईपर्यंत पाण्यात धुवावी, किंवा शहरातल्याप्रमाणे मांजराचे तयार खाणे विकत आणावे, आणि पडवीबाहेर वेगळ्या करवंटीत घालावे. स्वतः जीव मारण्याचे कारण नाही. हे सर्वांना पटेल असे मी समजत नाही. माळ घातलेल्या हाताने मासळी शिवायची हे ज्यांना सोसणार नाही, त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार आहे. त्यांनी मांजर पाळू नये. मासळी शिजते अशा घरी आनंदाने देऊन टाकावे. पण घरात ठेवून, आपल्या व्रताच्या नावाने त्याला अर्धपोटी ठेवणे, यात ना व्रत राहते ना दया.

आपल्या संतांच्या कथांत जनावरे पुष्कळ आहेत. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, पैठणात ज्ञानोबारायांनी रेड्याच्या मुखी वेद बोलवला आणि त्याच रेड्याची समाधी म्हणून जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला लोक आजही जातात. या कथा सांगताना आपला गळा दाटतो. पण एक ध्यानात घ्यावे. ते कुत्रे नामदेवांचे नव्हते, ते गाढव नाथांचे नव्हते, तो रेडा माउलींचा नव्हता. वाटेत भेटलेल्या जिवावर एक घटका दया करणे हे थोरच. परंतु रोज पहाटे चार वाजता पाऊस कोसळत असताना डोक्यावर इरले घेऊन आपल्याच गायीखालचे शेण ओढणे, यात चमत्कार नसतो आणि कोणी कथाही लिहीत नाही. त्या कामाला आपल्या संप्रदायात कोणी उभे असेल तर जनाबाई. गोवऱ्या थापता थापता तिने नाम घेतले. तिचा देव तिला कामातून उठवून दुसरीकडे नेत नसे, तो तिच्याबरोबर कामाला लागे.

आता वारीचा प्रश्न. आषाढात कोकणातला कुणबी लावणीच्या चिखलात असतो, म्हणून आमच्याकडची बरीच मंडळी कार्तिकी किंवा माघी धरतात. तरी आषाढीचा नेम असलेली घरे आहेतच. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.ने पंढरीस गेल्या. निसर्ग वादळात गोठे उघडे पडले तेव्हा धनी निदान जवळ तरी होता. एरवी काय? घरातला कर्ता वीस-पंचवीस दिवस वाटेवर आणि दावणीला गाय, ओटीवर कुत्रा. कोणी म्हणेल, 'पांडुरंग राखील.' राखील खरा. पण पांडुरंग स्वतः कशासाठी उभा आहे ते आठवावे. पुंडलिकाने हातातली सेवा अर्धी टाकली नाही. विट फेकली आणि देवाला म्हणाला, थांब. आईबापांची सेवा आणि गायीचा चारा मी एका तराजूत घालीत नाही. तसेच, गाय व्याली, कुत्रे आजारी आहे, असल्या सबबींवर वारी चुकवणाऱ्यांचीही मला माहिती आहे. गाय नसती तर त्यांना दुसरे काही सापडले असते. वारी करावी. पण जाण्यापूर्वी ज्याच्या हाती दावे दिले, त्याला पेंढा कोठे, पेंड किती, गाय कोणत्या हाताला लाथ मारते, कुत्रा विजेला कसा भितो, हे सारे बसून सांगावे आणि खर्चाचे पैसे हातावर ठेवावे. नुसते 'जरा लक्ष ठेव हं' म्हणून फाटकातून निघू नये. जो शेजारी पावसात तुमच्या गोठ्यात दोन वेळा जातो, त्याचे चालणे पंढरीच्या वाटेवरच्या चालण्याहून कमी पडते असे कोणी मोजून पाहिले आहे? चंद्रभागेच्या तीरी आपण जोडावयाच्या नमस्कारात त्याचा वाटा आहे, आणि परत आल्यावर बुक्का-लाह्यांचा पहिला हक्कही त्याचाच.

शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. २२ जुलै २०२१ रोजी, म्हणजे आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले तोच, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. रात्री चढलेल्या पाण्याने घरांचे तळमजले गिळले. महाडकडेही तोच हाहाकार, आणि तळियेला दरड कोसळली. अशा पुरात मोकळे ढोर बहुधा पोहून निघते. बांधलेले निघत नाही. पाणी गळ्यापर्यंत येते आणि दावे त्याला जागच्या जागी धरून ठेवते. आपण त्याला पळून जाऊ नये म्हणून बांधले, आणि तेच त्याचे मरण झाले. १९६० चा प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास मनाई करणारा कायदा आखूड साखळीने वाजवीपेक्षा जास्त काळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. पण पुराच्या रात्री कायदा कोण वाचतो? तेथे गाठ कोणती मारली होती एवढेच उरते. नदीकाठच्या, खाडीकाठच्या गोठ्यांत पावसाचे चार महिने सुरगाठच असावी, टोक दारावरून हाताला लागेल असे असावे, कोयता दारामागे टांगलेला असावा, आणि घरातल्या लेकरांनाही अंधारात ती गाठ सोडता यावी. कुत्र्याची साखळी रात्री काढूनच ठेवावी.

याच्या उलट बाजूही आहे. जनावर सोडून निघवत नाही म्हणून पाण्यात थांबलेली माणसे असतात. २००५ साली अमेरिकेत कत्रीना वादळात असे फार झाले. निवाऱ्यात कुत्र्या-मांजरांना घेईनात, तेव्हा पुष्कळ लोक घर सोडायलाच तयार होईनात. शेवटी २००६ साली तिकडे संकटकाळच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार झाला पाहिजे असा कायदा करावा लागला. आपल्या गावांतही शाळेत किंवा देवळात माणसे हलवताना जनावरांसाठी एखादा उंच माळ, एखादे पक्के छप्पर आधीच ठरवून ठेवणे काही अशक्य नाही. ग्रामपंचायतीच्या सभेत आपल्या भजनी मंडळींनीच हा विषय काढावा. मृदंग-टाळ ठेवायला जागा मिळते तशी गुरांनाही मिळेल. मात्र पाणी चढत असताना पोर आणि पाडस यांत निवड करायची वेळ आली, तर पोर उचलावे आणि दावे कापावे. येथे घुटमळू नये. ज्याला त्या क्षणी 'माझी गाय' सुटत नाही, तो स्वतः बुडतो, घरच्यांना बुडवतो आणि गायही वाचत नाही. भरताच्या पाडसाचे दुखणे ते हेच. दावे कापणे म्हणजे टाकून देणे नव्हे. जितके आपल्या हाती होते तितके केले, आता पुढची वाट त्याची त्याने पोहावी आणि वर पांडुरंग आहे, इतके म्हणून हात मोकळा करणे आहे. वर्षानुवर्षे पहाटे उठून ज्याने गोठा काढला आहे त्याचा हात तेव्हा कापतो खरा, पण कोयता चालतो. ज्याने कधी गोठ्यात पाऊल टाकले नाही त्याला ती गाठ कुठे आहे हेच ठाऊक नसते.

पाणी ओसरले की सुटलेली ढोरे कोठे कोठे सापडतात. कोणी टेकाडावर, कोणी दोन गावे पलीकडे परक्याच्या अंगणात उभे असते. गळ्यात तुटका दाव्याचा तुकडा, अंगावर चिखल. ज्याच्या दारी असे जनावर येईल त्याने ते आधी आडोशाला घ्यावे, कोरडा पेंढा टाकावा, आणि मग कोणाचे आहे ते विचारीत चार वाड्या हिंडावे.